छत्रीची पेटी

—नाही हो ताई, बसा ना, आलाच आहात तर उभ्या उभ्या कशाला? त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय रुसलाय, या अशा इकडे. आणि माझ्या तोंडाकडे असं बघू नका, आजारीबिजारी नाही मी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला, इतकंच. कशामुळे? हसाल तुम्ही. लेकीमुळे. सहा वर्षांची आहे, भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी ठरत नाही म्हणून — तर ती मंगळवारी काय म्हणाली माहितेय? टाळ्या वाजवत, उड्या मारत, जसं काही सहलीलाच निघालोय — "आई, आई, आपण गरीब झालो!" आता काय बोलायचं यावर? आज शुक्रवार, तीन रात्री ते वाक्य उशाशी घेऊन पडतेय. एम.ए. झालेली बाई मी, तेही मानसशास्त्रात, मुलं कशी वाढवावीत यावर चार पुस्तकं वाचलीत, दोन तर खुणा करून — एकातही याचं उत्तर नाही. मुलांसमोर कुणाशी तुलना करू नये, असं आहे त्यात. पान बत्तीस. मी दिवसभर दुसरं काही करतच नाही. — काय म्हणालात? पुढे काय म्हणाली? पुढे... पुढे काही नाही. पोरं काय, बोलतात काहीबाही.

चहा घ्या. बिनदुधाचा आहे हं, आम्ही हल्ली काळाच घेतो, तब्येतीला बरा असतो म्हणतात. साखरही बेतानेच. — कागद काढताय? काढा, काढा, मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. सहा महिने झाले की तुमच्या संस्थेतून कुणीतरी येतं आणि शेजारच्यांना विचारतं, त्या घराला अजून मदतीची गरज आहे का, तुम्हाला काय वाटतं, सही करा. मला काही नवीन नाही ते. गेल्या वर्षीपर्यंत मीच येत होते की तुमच्याकडे, त्या चौकातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत, पिशव्या भरभरून. कपडे दिलेत, खेळणी दिलीत, एकदा मिक्सर दिलाय — चालणारा! देणाऱ्यांच्या वहीत असेल माझं नाव, बघा. तर विचारा तुम्ही वरचीबद्दल. बरोबर माणसाकडे आलात. माझ्या डोक्यावरच राहते ती — म्हणजे वरच्या मजल्यावर हो, पण डोक्यावर म्हटलं तरी चालेल. — एक मिनिट, तुमचं नंतर, आधी माझं ऐकून घ्या, नाहीतर विसरेन मी.

बाई वाईट नाही हं. हे आधीच सांगते, उगाच मागाहून म्हणायला नको. नवरा दोन वर्षांपूर्वी बोटीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच, पत्र नाही, फोन नाही, पदरात एक मुलगी, माझ्या भिंगरीच्याच वर्गात. वाईट वाटायचं मला. खरंच वाटायचं. तुमच्या संस्थेत तिचं नाव कुणी सांगितलं होतं? मी! तुमचा नियमच ना तो — तुम्ही आपणहून कुणाचं दार वाजवत नाही, ओळखीच्या कुणीतरी नाव सांगावं लागतं. मीच सांगितलं. आणि आता ऐका हं काय काय झालं ते. तिचा नळ गळत होता, तुमचा प्लंबर येऊन फुकट नीट करून गेला. माझा गळतोय — ऐकू येतंय ना, टप्... टप्... बादली लावलीय खाली. तिच्या मुलीला चष्मा मिळाला, गोल, निळ्या काड्यांचा, इतका गोड दिसतो की आमची भिंगरी घरभर डोळे बारीक करून फिरते — "आई, मला पण लांबचं दिसत नाही." आता हे मुद्दामच ना? मुद्दामच असणार. फळ्यावरचं उतरवताना दोन ओळी खाली-वर होतात तिच्या, पण त्या कुणाच्याही होतात. होतात ना? — तिला शिलाई मशीन मिळालं. दुपारी मी जरा पाठ टेकली की वरून सुरू, टकटकटकटक, आणि त्यावर बाईसाहेब गाणं म्हणतात. गाणं! आणि दर गुरुवारी तुमचे ते रिटायर झालेले पोस्टमन येतात तिच्या मुलीला गोष्ट वाचून दाखवायला. काल आले होते. आमचं ध्यान जिन्यात, त्यांच्या उंबऱ्याबाहेर, गालाला हात लावून बसलेलं. मी म्हटलं, अगं घरी चल, मी वाचते तुला. तर मला म्हणते, "तू वाचताना मधेच थांबतेस आणि भिंतीकडे बघतेस." घ्या!

हसताय ना? हसा. वरचीसुद्धा सारखी हसत असते. ताई, खरं सांगा, माणसाचं इतकं सगळं गेल्यावर त्याने इतकं हसावं का? काही रीत आहे की नाही? दार सताड उघडं टाकून बसते. सकाळी उघडं, दुपारी उघडं, येणाराजाणारा आत डोकावतो, ही मशीनवरून मान वर करून म्हणते, या ना. आत आहे काय, तर एक पलंग, एक मशीन, तुमच्याकडून आलेलं कपाट — पण ऐट बघावी, जणू दिवाणखान्यात बसलीय. आणि आमची भिंगरी तिला काय म्हणते माहितेय? मावशी. वरची मावशी. माझ्या सख्ख्या बहिणीला फोनवर नुसतं "अगं, कशी आहेस" म्हणते कार्टी आणि ही मावशी! शाळेतून आली की दप्तर इथे फेकायचं आणि धूम वर. आत्ताही तिथेच आहे.

— तो आवाज? खिडकी हो. आतल्या खोलीची खिडकी आहे, पल्ला सैल झालाय, वारा आला की अशी खोकल्यासारखी वाजते. घरात कुणी नाही. हे ऑफिसला गेलेत.

तर काय सांगत होते — हां, स्वेटर. स्वेटरचं सांगितलंच पाहिजे. माझा एक स्वेटर होता, गडद निळा, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत ह्यांनी घेतलेला. बाळंतपणानंतर मला होईना, म्हणून गेल्या वर्षी तुमच्या पिशवीत घातला. आनंदाने घातला हो, अगदी धुऊन, घडी करून. आणि या हिवाळ्यात बघते तर वरचीच्या अंगावर! आता तुम्हाला तरी काय माहीत कुणाचं काय कुणाकडे जातं ते. पण तिने नुसता घातला नाही, बाजूने टीप मारून कमरेत बसवून घेतला, माझी ती काळी बटणं काढून पांढरी लावली, आणि — आता हे बोलू नये, पण बोलतेच — माझ्यापेक्षा तिला शोभतो. माझाच स्वेटर! जिन्यात भेटली की मी तिच्याशी बोलत नाही, त्या बटणांशी बोलते. आणि थंडी म्हणाल तर मी आता बारीक झालेय, मला पुन्हा झाला असता तो. झाला असता काय, सैलच झाला असता. एवढी बारीक कशाने झाले? अशीच हो. धावपळ.

तर तुमच्या त्या कागदावर काय लिहायचं ते मला ठरवायचंय. गरज आहे का? म्हणजे बघा, मी खोटं नाही बोलणार, पण खरं तर बोललंच पाहिजे ना — मशीनवर कामं येतात तिला, पडदे येतात, शाळेचे गणवेश येतात. परवा त्या दोघी चपला घेऊन आल्या नव्या. आणि तुमची ती चिठ्ठी असते, दर पंधरवड्याला, काय काय हवं त्यावर खुणा करायच्या — तांदूळ, तेल, साबण, दुधाची पावडर — ती चिठ्ठी घेऊन ती विचार करत बसते. मी पाहिलंय. तोंडात पेन्सिल धरून. की या वेळी बिस्किटं घ्यावीत की मध! मला आहे का असं कुणी विचारणारं? मी संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला जाते, उरलंसुरलं स्वस्तात — म्हणजे गर्दी नसते म्हणून जाते. गर्दी सोसत नाही मला.

— पुन्हा वाजली ना? बरं. खिडकी नाही ती. हे आहेत आत. आज रजा घेतलीय, जरा कणकण होती. ... तुमची नजर फार वाईट आहे हो ताई. चांगली आहे म्हणजे. असं शांत बघत राहिलात की माणूस आपलं आपण बोलत सुटतं, तुम्हाला काही विचारावंही लागत नाही. रजा नाहीये. छापखाना बंद पडला त्यांचा, औषधांची खोकी छापायचे तो, चार महिने झाले. बेल वाजली की आत जाऊन बसतात. मी सांगितलेलं नाही, त्यांचे तेच जातात, पण मी थांबवलंही नाही, तेही खरं. माणूस दिवसाढवळ्या घरात दिसला की लोक विचारतात. भिंगरीला पाठ करून दिलंय, कुणी आलं की म्हणायचं, बाबा ऑफिसला गेलेत. एकदा पोस्टमनना सांगून आली, "बाबा ऑफिसला गेलेत, आतल्या खोलीत." — हसू नका. मी हसले नव्हते. — होईल काहीतरी, दोन ठिकाणी बोलावलंय त्यांना. तुम्ही हे कुठे लिहू नका. हे काय, आपल्या दोघींतलं. आपण वरचीबद्दल बोलत होतो.

आणि बोलायचंच तर सरळ बोला ना तुम्ही. मंगळवारच्या पेटीसाठी आलात ना? त्याचसाठी आलात. दारात उभ्या होतात तेव्हाच ओळखलं मी, म्हणून तर मघापासून तुम्हाला तोंड उघडू देत नाहीये. तिनेच सांगितलं असणार, कमी निघालं म्हणून. मग माझंही ऐका. चूक तुमच्या माणसांची आहे. आमची ही इमारत उतारावर, पुढच्या दाराने शिरलं तर तिचा तिसरा मजला, मागच्या दाराने शिरलं तर माझा तिसरा. आणि तुम्ही पेटीवर नाव घालत नाही, कुणाला लाज वाटू नये म्हणून नुसतं चित्र चिकटवता. कुणाचा पतंग, कुणाचा मासा, तिची छत्री. पेटी ठेवायची, बेल वाजवायची आणि निघून जायचं, समोरच्याला आभार मानत उभं राहावं लागू नये म्हणून. फार छान पद्धत आहे हो, मला नेहमी वाटायचं कुणी शोधून काढली असेल. पण मग अशी चूक झाली तर विचारायचं कुणाला? मंगळवारी बेल वाजली, हे आत गेले, मी दार उघडलं, जिन्यात कुणी नाही, आणि माझ्या पायाशी पेटी. छत्रीची.

मला कळलं ना, ताबडतोब कळलं. छत्री मी ओळखत नाही होय? मी नुसती आत घेतली, जिन्यात कुणाचा पाय लागेल म्हणून. आणि मग उघडली, आत काही नासणारं असेल तर म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं हं, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही, मलाही नाही पटलं. तेवढ्यात भिंगरी आली वरून. पेटी बघितली, चित्र बघितलं, आणि तेव्हा — तेव्हा म्हणाली ते. टाळ्या वाजवत. "आई, आपण गरीब झालो!" पेटीभोवती नाचली, एकेक वस्तू काढून जमिनीवर ओळीने मांडली, मोजे गालाला लावले. आणि मी म्हणायला हवं होतं, राणी, ही आपली नाही, वर नेऊन देऊ या. चार पुस्तकं वाचलेली बाई. मी काय केलं सांगू? पाणी गरम केलं. त्यातलं पावडरीचं पाकीट फोडलं आणि दूध केलं तिला. दोन पेले प्यायली, वर तोंडाला पांढरी मिशी, आणि तिसरा मागितला. मग ह्यांनाही दिलं थोडं. ह्यांनी कुठून आलं विचारलं नाही. मी पण प्यायले, पातेल्यातलं, उभ्यानेच.

बाकी सगळं दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चिकटपट्टी लावून वर नेलं. तुमच्यासारखंच केलं — ठेवलं, बेल वाजवली आणि पळाले. चप्पल काढून पळाले, आवाज नको म्हणून. एक पाकीट कमी. एकच. मोज्यांना मी हातही लावला नाही. आता करा काय करायची ती तक्रार. पण तिने खाली येऊन मला तोंडावर विचारायचं होतं, तुमच्याकडे कशाला जायचं? हेच ते. हसायचं तोंडावर, आणि —

काय? तक्रार नाही? मग हे काय काढताय? ही तिची पावती? दाखवा. "सगळं मिळालं. आभारी आहे." ... तिचंच अक्षर हे. शेजारी छत्री काढलीय हाताने. पण सगळं नव्हतं ना मिळालं! तिने खुणा केल्या होत्या, तिला माहीत असणार, पावडर नव्हती आत. तिच्या मुलीला दूध नसेल मिळालं या आठवड्यात आणि ही लिहिते, सगळं मिळालं! बघा. बघितलंत? हेही तिनेच करायचं. नळ तिचा, चष्मा तिचा, गोष्ट तिची, स्वेटर तिला शोभणार, आणि आता चांगुलपणाही हिच्याच वाट्याला. मला निदान भांडायला तरी काहीतरी ठेवायचं होतं. मी तीन दिवस मनातल्या मनात तिच्याशी भांडतेय हो, काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, आता ते कुठे ठेवू मी?

आणि मग हा दुसरा कागद? — नाही, हा तिचा नाही. यावर माझं नाव आहे. घर नंबर माझा. माणसं तीन. आणि इथे, "नाव कुणी सुचवलं" — ...

कधी सांगितलं तिने? बुधवारी? म्हणजे पेटी वर गेली त्याच दिवशी. म्हणजे तिला कळलं. पेटी कुणी ठेवली ते कळलं, पाकीट कुठे गेलं ते कळलं, आणि ती तुमच्याकडे आली आणि म्हणाली — नका सांगू काय म्हणाली. मला ऐकायचं नाही. आणि तुम्ही! मघापासून नुसत्या बसलात, मी तिच्याबद्दल एवढं बोलले, तुम्ही म्हणायचं नाही की बाई थांब, मी तुझ्यासाठी आलेय? — म्हणत होतात? केव्हा? ... हां. बोलू दिलं नाही मी.

नाही. नको. आम्हाला काही नको, लिहा तसं. माझं नाव दुसऱ्या वहीत आहे, एक माणूस दोन्ही वह्यांत कसं असेल? उद्या माझ्या दारात पेटी येणार, चित्र असलेली, आणि वरची जिन्यातून जाताना बघणार, ओळखणार, आणि ती हसणार — तशीच, नेहमीसारखीच हसणार, वाईट नाही हसत ती, तेच तर — नाही. नकोच. चहा राहू द्या, गार झाला. उठा तुम्ही ताई, रागावू नका, पण उठा. हे पेन घ्या तुमचं. आणि दार ओढून घेऊ नका, लेक यायचीय माझी, ती आली की साखळी मीच लावते. कागद... असू दे तिथेच, नंतर टाकते मी.

ताई. थांबा. मघाशी विचारलंत ना तुम्ही, पुढे काय म्हणाली ती. कुणालाच सांगितलेलं नाही मी, ह्यांनासुद्धा नाही. पेटीभोवती नाचून नाचून दमली, मोजे हातात घेऊन बसली जमिनीवर, आणि त्या आतल्या खोलीच्या दाराकडे बघून म्हणाली, "मग आता बेल वाजली तरी बाबा इथेच बसतील ना?"